माळ्यावरचे प्रवासी

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या चिरेबंदी घरात जा. मालक तुम्हाला खळं दाखवील, ओटी दाखवील, देवघरही दाखवील. माळा दाखवणार नाही. घराची खरी इस्टेट तिथे असते. तांदळाच्या मुडी, सोलांची बरणी, सुक्या बांगड्यांचे डबे, गणपतीची माटवी, इरली, तीन पिढ्या झुलवून थकलेला पाळणा आणि मुंबईच्या चाकरमान्यानं ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून आणलेली, आजतागायत न लागलेली एखादी वस्तू.

गंमत अशी की माळा कुणी मुद्दाम बांधत नाही. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, म्हणून नळ्यांचं छप्पर उतरतं करावं लागतं. उतरत्या छपराखाली पोकळी उरते. ती फुकट जाऊ नये म्हणून आजोबा चार फळ्या ठोकतात आणि शिडी लावतात. मग त्या जागेचं काय करायचं यावर पुढच्या तीन पिढ्या भांडतात.

जगातला सर्वांत प्रसिद्ध माळा असाच झाला. तो बोइंग ७४७ च्या डोक्यावरच्या कुबडात होता.

१९६० च्या दशकात या विमानाची आखणी चालली होती, तेव्हा जाणकारांची खात्री होती की माणसं यापुढे आवाजापेक्षा वेगवान विमानांनी फिरणार आणि हे धूड लवकरच मालवाहतुकीला लागणार. माल भरायचा तर विमानाचं नाक उघडायला हवं, म्हणजे पेट्या समोरून सरळ आत. नाक उघडायचं तर वैमानिकांना नाकात बसवून चालणार नाही. म्हणून त्यांना उचलून वर बसवलं. त्यांच्या पाठीमागे वारा अडू नये म्हणून छप्पर उतरतं करत नेलं आणि त्या छपराखाली पोकळी उरली. पुढे काय होणार, हे आमच्या गावच्या सुतारानं तिथल्या तिथे सांगितलं असतं.

सांगितलं मात्र हुआन ट्रिप यांनी. ते पॅन अमेरिकन (पॅन अ‍ॅम) या विमान कंपनीचे प्रमुख आणि या विमानाचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. त्यांना मुळात अख्खं दुमजली विमान हवं होतं. बोइंगचे मुख्य अभियंता जो सटर यांच्या चमूला ते पटेना, कारण अडचणीच्या वेळी वरच्या मजल्यावरची माणसं झटपट खाली कशी आणायची? त्यांनी एकच मजला, पण ऐसपैस, असं ठरवलं. तो किती ऐसपैस, हे पटवायला त्यांचा एक माणूस वीस फुटांची दोरी घेऊन पॅन अ‍ॅमच्या बैठकीच्या खोलीत गेला आणि ती भिंतीपासून ताणून धरली. कोट्यवधी डॉलरचा निर्णय दोरीनं झाला, हे वाचल्यापासून मला अभियांत्रिकीबद्दल आपुलकी वाटू लागली आहे. आमच्याकडे बांधाचे तंटे याच साधनानं सुरू होतात.

नंतर ट्रिप लाकडी नमुना पाहायला आले, वैमानिकांच्या मागची पोकळी त्यांना दिसली आणि त्यांनी विचारलं, ही कशाला? वैमानिकांच्या विश्रांतीला, असं उत्तर मिळालं. ट्रिप म्हणाले, इथे प्रवासी येतील. बिचाऱ्या वैमानिकांची विश्रांती त्या एका वाक्यात गेली. घरात पाहुणे आले की माळ्यावर वाचत पडलेल्या मुलाला जसं खाली हाकलतात, तसंच झालं.

१९७० च्या जानेवारीत पॅन अ‍ॅमनं न्यूयॉर्क ते लंडन हे विमान सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी एअर इंडियाचं पहिलं ७४७ मुंबईत उतरलं. नाव ‘सम्राट अशोक’. जेआरडी टाटांच्या काळातली कंपनी; तिनं विमानाला ‘आकाशातला राजवाडा’ म्हणून मिरवलं. खिडक्यांभोवती बाहेरून लाल रंगात राजस्थानी झरोके रंगवले आणि वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी बैठकीची खोली केली. खालून चक्राकार जिन्यानं वर जायचं, तिथे सोफे आणि मदिरा. बॉबी कुका आणि उमेश राव यांनी कंपनीसाठी घडवलेला मिशाळ महाराजा जाहिरातींत हे सगळं वाकून नमस्कार करत देत होता.

आमच्या वायरी गावचे एक आबा त्या काळी सांताक्रूझला विमानं झाडण्या-पुसण्याच्या कामावर होते. पंचक्रोशीत ७४७ च्या वरच्या मजल्यावर बसून आलेला हा एकमेव माणूस. मध्यरात्री, विमान जमिनीवर, हातात फडकं, तरी बसून आलेला. गणपतीत गावी आले की भजनानंतर पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची.

“आबा, वयर काय आसा हो?”

“बसाची खोली आसा. गादयेच्यो खुर्च्यो. जिनो असो गोल गोल फिरान जाता.”

“आणि माल खंय ठेवतत?”

“माल नाय रे. नुसती माणसा. बसतत, पितत नि खाली येतत.”

यावर ओटीवरचा कुणीतरी म्हातारा हमखास म्हणायचा, “म्हणजे येवढो माळो फुकटच गेलो.”

त्या म्हाताऱ्यानं कुठलंही व्यवस्थापन शिकलेलं नव्हतं, पण दुखणं नेमकं त्यानंच पकडलं होतं. सुरुवातीच्या ७४७ मध्ये विमान चढता-उतरताना वर बसायची परवानगी नव्हती. म्हणजे वर सोफ्यावर बसलेल्या प्रत्येकाची खाली आणखी एक खुर्ची रिकामी ठेवलेली. एका तिकिटात दोन जागा. हा हिशेब कंपन्यांना कळत नव्हता असं नाही. तेव्हा विमानं अचानक मोठी झाली होती, प्रवासी तेवढे नव्हते, खाली खुर्च्या अशाही रिकाम्याच जात होत्या. मग चढाओढ लागली. पॅन अ‍ॅमनं वर जेवणाची टेबलं मांडली. जपान एअरलाइन्सनं आकाशातलं चहाघर थाटलं. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनं कॅप्टन कुकच्या नावानं जहाजी थाटाची खोली केली. अमेरिकन एअरलाइन्सला वरचा मजला पुरेना, तिनं खालीच, तेही इकॉनॉमीच्या मागच्या भागात, वाजवायला विजेवरचं पियानोसारखं वाद्य ठेवलं. वाटेत रात्री दोन वाजता कुणा हौशी माणसानं ते वाजवायला घेतल्यावर आसपासच्या खुर्च्यांतल्या माणसांचं काय होत असेल? आमच्या कोकणकन्येत भजनी मंडळ चढल्यावर जे होतं तेच, पण इथे पुढच्या स्टेशनला उतरायची सोय नाही.

१९७३ मध्ये तेल भडकलं आणि चहाघरं आवरली. वर आपत्कालीन दरवाजा, घसरगुंडी, मग रीतसर खुर्च्या. फिलिपाइन्सच्या कंपनीनं वर झोपायचे बिछाने टाकून पाहिले, जी कल्पना मला सर्वांत शहाणपणाची वाटते. माळ्यावर माणूस एकतर झोपतो, नाहीतर काहीतरी शोधतो. जपाननं देशांतर्गत फेऱ्यांसाठी एकेका ७४७ मध्ये साडेपाचशेहून अधिक खुर्च्या ठोकल्या आणि त्यातून वरचा मजलाही सुटला नाही. दहा वर्षांत कुबडातला सोफा गेला आणि रांग आली.

‘सम्राट अशोक’ मात्र हे बदल पाहायला राहिलं नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून निघाल्यावर ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि २१३ माणसं गेली. आबा त्यानंतर त्या विमानाची गोष्ट सांगेनासे झाले. पोरांनीही मग विचारलं नाही.

पुढे बोइंगला वाटलं, माळा इतका चालतो तर तो वाढवावाच. १९८३ मध्ये स्विसएअरनं पहिलं लांब कुबडाचं ७४७-३०० उडवलं. कुबड सात मीटरनं लांब झालं, गोल जिना जाऊन सरळ जिना आला, आणि वर कहर म्हणजे वेगही किंचित वाढला. घराचा माळा वाढवल्यावर घर हलकं झाल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. एअर इंडियानं १९८८ मध्ये अशी दोन विमानं घेतली, पुढे माणसं आणि मागे माल अशा जोडधंद्याची. त्यातल्या एकाचं नाव होतं ‘शिवाजी’.

नुसतं ‘शिवाजी’! सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समोर राहणाऱ्या माणसाला हे वाचून क्षणभर कसंसंच होतं. मुंबईच्या विमानतळाच्या नावातही ‘महाराज’ यायला २०१८ उजाडलं. आज ते विमान असतं तर नावापुढे-मागे सगळ्या पदव्या लागल्याशिवाय त्याला धावपट्टी सोडता आली नसती, आणि एवढं नाव मावायला कुबड आणखी सात मीटर वाढवावं लागलं असतं.

एकोणीसशे नव्वदच्या दशकात एअर इंडियाकडे ७४७-४०० विमानं आली. कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजिंठा, आग्रा, आणि आमच्या शेजारचं ‘वेल्हा गोवा’. आता वरच्या मजल्यावर एक्झिक्युटिव्ह क्लास. म्हणजे कंपनीच्या पैशानं जाणारी माणसं. सोफ्यावर हसणारा महाराजा जाऊन मांडीवर हिशेबाचे कागद घेतलेला विक्री व्यवस्थापक तिथे बसला. वरच्या मजल्याचा हा सर्वांत कंटाळवाणा काळ. त्याबद्दल इतकंच पुरे.

इकडे मालवणात नेमकं उलटं चाललं होतं. विमानवाल्यांनी माळ्यावरून माणसांची बैठक काढून धंदा आणला. आमच्या लोकांनी माळ्यावरून धंदा काढला, म्हणजे सोलं, मुडी आणि सुके बांगडे खाली उतरवले आणि माणसं वर चढवली. तारकर्ली प्रसिद्ध झाली, पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना आली आणि वायरीपासून देवबागपर्यंत घराघरांतल्या माळ्यांना लोखंडी जिने फुटले. जिथे आजी नारळ मोजायची तिथे डबलबेड आला. नळ्यांखाली पांढरं छत आलं. भिंतीवर डॉल्फिनचं चित्र. दारावर पाटी : ‘सी-व्ह्यू’. खिडकीतून माडाचे तीन बुंधे, शेजारच्यांचं वाळत घातलेलं धुणं आणि वारा योग्य बाजूनं असेल तर दोन माडांच्या मधे तळहाताएवढा समुद्र दिसतो. वर्गवारीही विमानासारखीच झाली. माळ्यावर पुणेकर, माजघरात कोल्हापूरकर, आणि मे महिन्यात खुद्द घरमालक पडवीत चटईवर. जुआन, हुआन जे काही असतील त्या ट्रिपसाहेबांनी वैमानिकांना जे केलं, ते इथे मालकानं स्वतःलाच केलं.

पुढे एअरबसनं ठरवलं की माळाबिळा नको, सरळ दुसरा मजलाच बांधू. ए-३८०. सटर यांच्या माणसांना चाळीस वर्षांपूर्वी पडलेला प्रश्न, की वरच्यांना खाली कसं काढणार, तो सोडवल्याशिवाय परवाना मिळणार नव्हता. म्हणून मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला परीक्षा झाली. अंधार, निम्मे दरवाजे बंद, दोन मजले भरून ८७३ माणसं. सगळी बाहेर पडली ७८ सेकंदांत. मी हा आकडा मालवण एसटी स्टँडवरच्या एका कंडक्टरसाहेबांना सांगितला. ते म्हणाले, “जर्मन आसतले. आमच्या गाडयेत पयलो पिशवी शोधता, मगे चप्पल.”

ए-३८० मुंबईला आलं २०१४ मध्ये. आधी सिंगापूर एअरलाइन्सचं, मग एमिरेट्सचं. एमिरेट्सनं वरच्या मजल्यावर पुढे पहिला वर्ग, मधे बिझनेस आणि शेपटाकडे बार ठेवला. आणि पहिल्या वर्गाला अंघोळीच्या दोन खोल्या, खालची फरशी गरम असलेल्या. पाणी माणशी पाच मिनिटं. जगभर या पाच मिनिटांचं फार कौतुक झालं. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागला की आमच्याकडे घरटी पाहुण्यांना हाच नियम असतो. फरक एवढाच की आमची फरशी न सांगता गरम असते.

एतिहादनं त्यावर ताण केली. वरच्या मजल्याच्या पुढच्या टोकाला बैठकीची खोली, झोपायची खोली, न्हाणीघर, शिवाय खास नोकर. दोन माणसांसाठी मिळून सुमारे सव्वाशे चौरस फूट. २०१६ मध्ये ही सोय अबुधाबीहून मुंबईलाही येऊ लागली. जगातली सर्वांत महागडी विमानातली जागा म्हणून वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. लालबाग-परळच्या चाळींत आमच्या गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, त्या दहा बाय बाराच्या, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. त्यात डझनावारी गिरणीकामगार पाळीपाळीनं झोपत, वर पोटमाळ्यावर ट्रंका, आणि नाटकाच्या तालमीही तिथेच. सव्वाशे चौरस फुटांत दोघांनी काय करायचं असतं, हे त्या मंडळींना समजावून सांगणं अवघड आहे.

आखाताला जाणारा आमचा माणूस ए-३८० नंच जातो, पण खालून. समोर रुंद जिना दिसतो. पायऱ्यांना उजेड लावलेला, आणि पायथ्याशी मखमली दोरी नाहीतर हसरी हवाई सुंदरी, दोन्ही सारख्याच ठाम. ट्रिपसाहेबांना रुंदी दाखवायला वापरलेली ती दोरी, मला वाटतं, कापून कापून या कामाला लावली असावी. घरी आल्यावर आई विचारते, “वयर काय होता रे?” आणि तो मोबाइलवर एमिरेट्सची जाहिरात दाखवून सांगतो, “ह्यां बघ.”

वर काय असतं याचं सर्वांत खरं उत्तर मात्र या जिन्यांनी मिळत नाही. बोइंग ७७७ किंवा ७८७ मध्ये तुम्ही गेलात, तर ही विमानं एकमजली आहेत असं वाटेल. तशी ती नाहीत. केबिनमध्ये एक साधा दरवाजा असतो, शौचालयाचा वाटावा असा. त्याच्यामागे अरुंद पायऱ्या, आणि वर छत आणि पाठीच्या मधल्या पोकळीत कर्मचाऱ्यांचे बिछाने. खिडकी नाही, उभं राहायला उंची नाही, पडदा ओढायचा आणि पडायचं. लांबच्या प्रवासात तुम्ही ‘पाणी’ म्हणून घंटा वाजवता, तेव्हा पाणी देणाऱ्यांपैकी काही जणी अगदी तुमच्या डोक्यावर आडव्या झोपलेल्या असतात. वैमानिकांसाठीही असाच कोपरा असतो. ट्रिप यांनी १९६० च्या दशकात काढून घेतलेली विश्रांतीची जागा शेवटी कामाच्या माणसांना मिळाली, फक्त बिनखिडकीची. मला विचाराल तर अख्ख्या विमानविद्येत हा एकच अस्सल माळा. तो कुठल्याच जाहिरातीत नाही, हेच त्याच्या अस्सलपणाचं लक्षण.

दुमजली थाट फार टिकला नाही. दोन इंजिनांची विमानं तेवढ्याच लांब, स्वस्तात जाऊ लागली. ए-३८० एकूण २५१ बनली आणि २०२१ मध्ये उत्पादन बंद झालं. ७४७ ची १५७४ झाली. शेवटचं २०२३ च्या जानेवारीत गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलं, आणि ते मालवाहू होतं. म्हणजे ज्या कामासाठी कुबड काढलं, तेच काम शेवटी उरलं : खाली माल आणि वर वैमानिक. एअर इंडियाचं ‘आग्रा’ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून निघालं, ते पंख हलवून निरोप देत. परतीचं तिकीट नव्हतं.

आमच्या चिपीच्या पठारावर विमानतळ झाला ९ ऑक्टोबर २०२१ ला. तिथे आलं सत्तर खुर्च्यांचं एटीआर. त्याला माळा नाही, कुबड नाही, जिनाही विमानाच्या दारातच संपतो. वरचा मजला म्हणावा असा सामानाचा तेवढा कप्पा, आणि त्यात कोकणी माणसाचं सामान मावेल अशी कुणी कल्पनाही केलेली नाही. एटीआर बनवणाऱ्या फ्रेंच आणि इटालियन अभियंत्यांनी फणस पाहिलेला नसावा. मुंबईला निघालेल्या आत्येला मी त्या कप्प्याशी झगडताना पाहिलं आहे. पिशवी आत जाईना. शेवटी तिनं सोलं एका खणात, खाजं दुसऱ्यात आणि मालवणी मसाला तिसऱ्या, अनोळखी गृहस्थांच्या डोक्यावर ठेवला आणि त्या गृहस्थांना बजावलं, “उतरताना माका आठवण करा हां.” त्यांनी केली. मसाल्याचा वास येत असताना विसरणं शक्य नव्हतं.

तरी वाचकांपैकी कुणाला वरच्या मजल्यावरून जायची हौस असेलच, तर ती लाखो रुपये न घालवताही भागू शकते. ए-३८० च्या वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला साधी इकॉनॉमी ठेवणाऱ्याही कंपन्या निघाल्या. ब्रिटिश एअरवेजनं ती ठेवली. तिकीट काढताना जागांचा नकाशा उघडा आणि वरच्या मजल्यावर खिडकीची जागा शोधा. तिथे विमानाची भिंत आत झुकते, त्यामुळे खुर्ची आणि खिडकी यांच्यामध्ये पोकळी उरते, आणि ती फुकट जाऊ नये म्हणून तिथे झाकणाचा एक कप्पा केलेला असतो. तो तुमचा. त्यात सोलं ठेवा, खाजं ठेवा, वाचायला दिवाळी अंक ठेवा. सुके बांगडे तेवढे ठेवू नका. आठ तासांचा प्रवास असतो आणि खिडकी उघडत नाही.